संकोचाचा उंबरठा



टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा ती आपल्याला ऐकवली जाते, ती आपण काही तक्रार केली म्हणजे. परंतु कोणता घाव सोसावा आणि कोणता सोसू नये, सोसल्याने माणूस कधी घडतो आणि कधी नुसता झिजतो, हे काही म्हण सांगत नाही. ते पाहायचे तर ज्या बायकांनी खरोखर सोसले आणि त्यातून ज्या मोठ्या झाल्या, त्यांची चरित्रे उघडावी लागतात.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काही इतिहासाचे लिहा, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याची यादी आणि नातेवाइकांना पत्रे एवढाच. पण दुपारी घरचे आवरले की वाचनालयातले पुस्तक घेऊन बसायची सवय आहे. त्यात रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक माझे दोनदा वाचून झाले. १९१० साली ते प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. २०१२ साली टीव्हीच्या पडद्यावर ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली, ती आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. मालिकेत वाडा दिसला, नऊवारी लुगडी दिसली, नथ दिसली. पुस्तकात त्याहून निराळी गोष्ट दिसते. एक भित्री, लाजरी मुलगी रोज थोडा थोडा संकोच सहन करत गेली आणि त्याच संकोचाच्या पायऱ्या करून वर चढली, ती गोष्ट मला आज सांगायची आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. पुढे यशवंतराव चव्हाण जन्मले तेही याच गावी. त्या काळी मुलींना अक्षर शिकवण्याची रीत नव्हती. शिकलेल्या बाईला वैधव्य येते, अशी समजूत घरोघर होती. त्यामुळे अकराव्या वर्षी लग्न झाले तेव्हा या मुलीला ‘अ’ काढता येत नव्हता.

लग्न झाले ते १८७३ च्या डिसेंबरात. नवरदेव महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे, विद्वान, सरकारी न्यायाधीश, आणि विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारली होती. आता हे एखाद्या विधवेशी लग्न करतील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती आणि नेमकी तीच धास्ती त्यांच्या वडिलांना होती. वडिलांनी घाईने हे स्थळ ठरवले. माधवरावांनी पुष्कळ विनवणी केली, पण वडील ऐकेनात, आणि शेवटी वडिलांचे मन मोडणे काही त्यांच्याने झाले नाही. लोकांनी त्यांना बोल लावले आणि ते बोल खोटे नव्हते. इतरांना सांगितलेली वाट स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना चालवली नाही.

ही हकीकत मी मुद्दाम सांगते. मोठी माणसे जन्मतःच धीट असतात आणि आपण भित्र्या, असे आपण धरून चालतो. तसे नसते. रानड्यांसारख्या माणसालाही घरातल्या माणसाची नाराजी सोसवली नाही. सभेत शंभर लोकांचा विरोध पत्करणे एक वेळ सोपे, पण ज्या घरात जेवायचे आणि झोपायचे त्या घरातला अबोला सोसणे फार कठीण. हे बायकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

लग्नानंतर पहिल्या रात्रीच माधवरावांनी त्या मुलीला विचारले की तुला लिहिता वाचता येते का. नाही म्हटल्यावर त्यांनी तेथेच अक्षरे शिकवायला प्रारंभ केला. पुढे रोज रात्री ते तिला शिकवू लागले. काही काळाने सगुणाबाई देव या शिक्षिका घरी येऊ लागल्या. मुलगी हुशार होती, भराभर वाचू लागली. आणि येथूनच तिच्या त्रासाला सुरुवात झाली.

रानड्यांचे पुण्यातले कुटुंब मोठे होते. घरात सासूबाई, विधवा नणंद, आत्या, मावश्या, आश्रयाला असलेल्या बायका असा गोतावळा. या बायकांना सुनेचे शिकणे मुळीच पसंत नव्हते. पुरुषांपुढे बोलायची सोय नाही, म्हणून सगळे बोलणे सुनेच्या वाट्याला. नवऱ्याने सांगितले तरी तूच नको म्हण, आम्हांला का हे नवऱ्यांनी कधी शिकवले, वडीलधाऱ्यांपुढे पुस्तक धरायला लाज वाटत नाही का, असा सूर दिवसभर चाले. रात्री नवरा म्हणणार, धडा झाला का? दिवसा घर म्हणणार, धडा टाक. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने करावे काय?

सासरी पाठवताना वडिलांनी तिला बजावले होते की सासरची माणसे कशीही वागली तरी उलट बोलायचे नाही आणि नवऱ्याकडे कागाळी न्यायची नाही. तिने ते अक्षरशः पाळले. बोलणी ऐकून घ्यायची, कोपऱ्यात रडायचे, कामाला हात लावायचा आणि रात्री पुन्हा पाटी घ्यायची. आजच्या काळात मी कोणा मुलीला असे सांगणार नाही की सगळे मुकाट ऐकून घे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती गप्प राहिली, पण थांबली नाही. नुसती गप्प राहिली असती तर तिचे नाव आज कोणाला ठाऊक नसते. गप्प राहणाऱ्या बायका तर प्रत्येक वाड्यात होत्या.

त्या घरातल्या बायकांना दुष्ट म्हणू नये, असेही मला वाटते. त्यांपैकी कित्येकींचा संसार लहानपणीच मोडलेला. सोवळे-ओवळे, स्वयंपाक, व्रते, एवढ्यातच त्यांची किंमत होती. सून जर पुस्तकाने मोठी होऊ लागली, तर आपण आयुष्यभर जे सोसले त्याला अर्थ काय राहिला, हे भय त्यांच्या पोटात असणार. आपल्यालाही आपली सून किंवा मुलगी निराळे काही करू लागली की क्षणभर पोटात कालवते. तो क्षण ओळखला पाहिजे. संकोच जसा पुढे जाणाऱ्याला असतो तसा मागे राहणाऱ्यालाही असतो, आणि दोघींनाही त्यातून शिकता येते.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे घरात वडीलधाऱ्या बायकांचा धाक नव्हता. लोकहितवादी म्हणजे गोपाळराव देशमुख त्या वेळी तेथे न्यायाधीश होते. या दोन घरांनी मिळून हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र करणे सुरू केले. मंडळाच्या दृष्टीने हे मला फार महत्त्वाचे वाटते. हळदीकुंकू म्हटले की बाईला घराबाहेर पडायला कोणी अडवत नाही. जुन्या रिवाजाच्या हातात हात देऊनच नवी गोष्ट उंबरठ्याबाहेर आली. नाशिकलाच एका बक्षीस समारंभात रमाबाई प्रथम लोकांसमोर बोलल्या. ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, हातात कागद, समोर मंडळी. पहिले भाषण दुसऱ्याने लिहून दिलेले असले तरी उभे राहायचे पाय आपलेच असतात.

पुढे इंग्रजी शिकणे आले. १८८१ च्या सुमारास मंडळी पुन्हा पुण्याला आली, तेव्हा मिस हर्फर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकवायला घरी येऊ लागल्या. आता तर घरात कहरच झाला. मराठी शिकणे एक वेळ चालले असते, पण इंग्रजी, आणि तेही मडमेकडून! मडमेजवळ बसून आल्यावर स्नान केल्याखेरीज घरात शिवायचे नाही, असा नियम झाला. संध्याकाळची वेळ, थंड पाणी, आणि ते रोज. एक एक इंग्रजी शब्द त्या बाईने अशा आंघोळी करून मिळवला आहे. आज आपली नातवंडे मोबाइलवर फटाफट इंग्रजी बोलतात तेव्हा मला ही आंघोळ आठवते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. पंडिता रमाबाई विदुषी खऱ्या, पण सोवळ्या पुण्याच्या दृष्टीने वाळीत टाकलेल्या. त्यांच्या सभेला जाऊन आले की घरी पुन्हा बोलणी. त्यानंतर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे हिराबागेत सभा भरली. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे, अशी विनंती त्यांना करायची होती आणि विनंतीचे इंग्रजी निवेदन रमाबाईंनी वाचून दाखवले. शेकडो पुरुषांसमोर उभे राहून एका ब्राह्मण घरच्या सुनेने इंग्रजी वाचले, ही बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचली होती. काय काय ऐकावे लागले असेल त्याची कल्पना आपण करू शकतो. पण १८८४ साली पुण्यात मुलींचे ते हायस्कूल सुरू झाले. तीच आपली हुजूरपागा. आजवर हजारो मुली त्या दारातून आत गेल्या.

येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. रमाबाईंचा त्रास एका घरापुरता होता, एका दिवसापुरता होता, आणि त्याचा लाभ दीडशे वर्षे होत आलीत तरी संपलेला नाही. आपण मात्र त्रास मोठ्या अक्षरांत लिहितो आणि लाभ लहान अक्षरांत.

माधवरावांची स्वतःची शिकवणही याच वळणाची होती. १८८६-८७ साली सरकारी कमिटीच्या कामासाठी ते कलकत्त्याला होते. तेथे त्यांनी बंगाली शिकायला घेतले. एके दिवशी रमाबाईंनी पाहिले तर न्हावी हजामत करतो आहे आणि न्यायाधीशसाहेब पुस्तक धरून त्यालाच उच्चार विचारताहेत. त्यांना हसू आवरेना. पण माधवरावांना त्यात कमीपणा वाटला नाही. ज्याला येते त्याच्याकडून शिकावे, एवढाच त्यांचा हिशेब. मग रमाबाईही बंगाली शिकल्या आणि बंगाली कादंबऱ्या वाचू लागल्या. वय वाढले, मान वाढला की ‘मला येत नाही’ हे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत. ते निघाले की अर्धे शिक्षण झाले.

आणखी एक आंब्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. उत्तम आंबा चिरून दिला तर माधवराव एक-दोन फोडी खाऊन थांबले. आंबा चांगला नाही का, असे रमाबाईंनी विचारले. आंबा चांगला होता म्हणूनच ते थांबले होते. मुंबईत विद्यार्थी असताना त्यांच्या शेजारी एक बाई राहत. एके काळी सुखात वाढलेल्या आणि मग गरिबी आलेल्या. चांगले खायची सवय लागलेली जीभ त्यांना किती छळते, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून अधूनमधून जिभेला आवडती वस्तू नाकारून पाहायची, असा त्यांचा क्रम होता. संकट येईपर्यंत थांबायचे नाही. सुखात असतानाच थोडी गैरसोय मागून घ्यायची. आपल्या उपासांमध्ये मूळ हाच विचार असावा. परंतु उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप आणि वर बर्फी केली, की जीभ आपल्यालाच हसते.

आता कोणी म्हणेल, रमाबाईंच्या पाठीशी एवढा मोठा नवरा होता, आमच्या पाठीशी कोण? प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९०१ पर्यंत त्या जे करत गेल्या ते बरेचसे नवऱ्याच्या इच्छेसाठी करत गेल्या. त्यांच्या पुस्तकातून तरी तसेच दिसते. पतीचा शब्द हा त्यांचा धर्म होता. तेव्हा त्यांचा धीटपणा त्यांचा स्वतःचा की उसना, हे कळायला मार्ग नव्हता.

तो कळला १६ जानेवारी १९०१ नंतर. त्या दिवशी माधवराव वारले. रमाबाई एकोणचाळीस वर्षांच्या होत आल्या होत्या. पोटी मूल नव्हते. मुंबईचे बिऱ्हाड मोडून त्या पुण्याच्या घरी परत आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे यापुढे त्यांनी पोथी आणि माळ घेऊन कोपऱ्यात बसावे, हेच सगळ्यांनी धरले होते. कोणी दोष दिला नसता. उलट गुण गायले असते. हा आरामाचा कोपरा होता, आणि दुःखी माणसाला कोपरा फार गोड लागतो.

त्या कोपऱ्यातून त्या उठल्या, आणि या वेळी हात धरून उठवणारे घरात कोणी नव्हते. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला त्या जाऊ लागल्या. त्यांच्याशी बोलायच्या, चांगल्या गोष्टी सांगायच्या. इस्पितळात रोग्यांना भेटायला जायच्या. ज्या बाईला एके काळी मडमेचा स्पर्श झाला म्हणून आंघोळ करावी लागे, ती आता आपण होऊन गुन्हेगार ठरलेल्या बायकांच्या शेजारी जाऊन बसू लागली. १९०४ साली मुंबईला भारत महिला परिषद भरली तिच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०९ साली पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने राबत होते.

पुण्याच्या सेवासदनाबद्दल दोन शब्द अधिक लिहिते, कारण ते आपल्यासारख्यांसाठी निघाले होते. अण्णासाहेब कर्वे यांचा हिंगण्याचा आश्रम मुख्यतः विधवांसाठी होता. पण ज्यांचे लग्न झाले, पोरेबाळे झाली, शाळेचे वय गेले, त्या गृहिणींचे काय? त्यांच्यासाठी सेवासदनाने वर्ग काढले. प्रारंभी रमाबाईंच्या घरातच वर्ग भरत. घरकाम आटोपल्यावर दुपारी बायका यायच्या. लिहिणे, वाचणे, शिवण, प्रथमोपचार. आता डोळ्यांपुढे आणा. तिशी-पस्तिशीची बाई, घरी लेक पाटीवर लिहिते आहे, आणि ही पदराखाली पाटी लपवून बोळातून सेवासदनाकडे निघाली आहे. ओट्यावर बसलेल्या बायका विचारणार, कुठे निघालात? त्या एका प्रश्नाला उत्तर देणे हीच त्या बाईची परीक्षा. बाराखडी त्यामानाने सोपी.

सगळ्यांत कठीण काम ठरले ते परिचारिकांचे. १९११ च्या सुमारास ससून इस्पितळात सेवासदनाच्या बायका परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्या वेळच्या पांढरपेशा हिंदू घरांत हे काम हलके समजत. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, जातपात पाहायची नाही, रात्रीची पाळी करायची, पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली उभे राहायचे. असल्या कामाला घरची लेकसून कोण पाठवणार? रमाबाईंनी बायकांची आणि त्यांच्या घरच्यांची समजूत घातली, शिकणाऱ्या मुलींच्या पाठीशी आईसारख्या उभ्या राहिल्या. आज इस्पितळात ‘सिस्टर’ म्हणून आपण ज्यांना हाक मारतो त्यांच्या वाटेवरचे पहिले काटे अशा बायकांनी तुडवले. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. त्या थाळीचा थोडा नाद या विसरल्या गेलेल्या पहिल्या परिचारिकांनाही पोहोचावा.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा पुरत नाही, तेव्हा आधी मुलांना शिकवू, मुलींचे मागाहून पाहू, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्या वेळी मुलींच्या बाजूने बायका रस्त्यावर आल्या आणि त्यांत साठीला टेकलेल्या रमाबाई पुढे होत्या. लग्नाच्या रात्री ज्या मुलीला ‘अ’ येत नव्हता, ती पन्नास वर्षांनी गावातल्या प्रत्येक मुलीच्या ‘अ’ साठी भांडत होती. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

आता अशी आणखी दोन उदाहरणे थोडक्यात देते. पार्वतीबाई आठवले या कोकणातल्या देवरूखच्या, बाया कर्वे यांच्या बहीण. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले, पदरी लहान मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यात येऊन शिकू लागल्या. मग हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. परक्या दारात उभे राहून पैसे मागणे किती जड जाते, ते गणपतीची वर्गणी मागायला गेलेलीला ठाऊक असते. १९१८ साली, अठ्ठेचाळीसच्या वयात, इंग्रजी शिकायचे म्हणून ही बाई अमेरिकेला गेली. भाषा येत नाही, पैसा नाही, शाकाहाराचे व्रत सोडायचे नाही. तेथल्या लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या आणि शिकल्या. १९२० साली परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. ‘माझी कहाणी’ या पुस्तकात त्यांनी हे सगळे सांगितले आहे. चाळिशी आली की ‘आता काय शिकायचे’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांनी ते वाचावे.

दुसरे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. अठराव्या वर्षी, १८८३ साली, त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी सभेत इंग्रजीत भाषण करून आपण का जातो ते लोकांना सांगितले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या एम. डी. झाल्या. पण तेथली थंडी, अन्नाचे हाल, सततचे श्रम यांनी शरीर पोखरले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात क्षयाने वारल्या. रोग्यांवर उपचार करण्याचे मनातच राहिले.

आनंदीबाईंची आठवण झाली की मला वाटते, सोसण्याचा महिमा सांगताना आपण हात राखून बोलले पाहिजे. संकोच निराळा आणि शरीराची हेळसांड निराळी. नवे काही शिकताना जी छाती धडधडते, चार लोक हसतील म्हणून जे कानकोंडे होते, ते सोसावे. त्याने माणूस वाढतो. पण ताप अंगावर काढणे, सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणे, दुखणे लपवणे, नवऱ्याचा मार झाकणे, यांना तपश्चर्या म्हणू नये. त्याने कोणी वाढत नाही. खूण अगदी सोपी आहे. ज्या त्रासानंतर आपल्या हातात काही नवे येते, मग ते अक्षर असो, कला असो, बोलण्याचे धैर्य असो, तो त्रास आपला. ज्या त्रासानंतर आपण होतो त्याहून लहान होतो, तो त्रास परका. पहिला मागून घ्यावा, दुसऱ्याला दार लावावे.

रमाबाईंच्या चरित्रातून मला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटल्या. पहिली, त्यांनी एकदम उडी घेतली नाही. आधी रात्रीची पाटी, मग हळदीकुंकू, मग लिहून दिलेले भाषण, मग इंग्रजी निवेदन, आणि मग तुरुंग नि इस्पितळ. दर पायरीला भीती होतीच, पण मागच्या पायरीने थोडे बळ दिलेले होते. दुसरी, त्रासाला कारण होते. नुसता स्वतःला छळण्याचा हट्ट नव्हता. पलीकडे काही मिळवायचे होते, ते आधी पतीसाठी आणि पुढे दुसऱ्यांसाठी. तिसरी, त्यांना पाठबळ होते, आणि पाठबळ गेल्यावर त्या स्वतः दुसऱ्यांचे पाठबळ झाल्या. माझ्या मते हीच त्यांची खरी थोरवी. सासरी जे त्यांना सोसावे लागले त्याचा वचपा त्यांनी दुसऱ्या सुनांवर काढला नाही. ‘मी सोसले, तूही सोस’ असे त्या म्हणाल्या नाहीत. ‘मी सोसले, आता तुझ्याबरोबर मी येते’ असे त्यांचे वागणे होते.

आता आमच्या पाठीशी कोण, या प्रश्नाचे उत्तर देते. आपल्या पाठीशी आपण आहोत. मंडळ कशासाठी असते? भिशी आणि सहल यांत वाईट काही नाही. रमाबाईंनीही हळदीकुंकवापासूनच प्रारंभ केला. पण तेथेच थांबायचे नाही. आपल्या मंडळात कितीजणी अशा आहेत ज्या बँकेचा कागद मुलाला भरायला लावतात, ग्रामसभेत मागच्या भिंतीला टेकून बसतात, मोबाइलवर पैसे पाठवायचे म्हटले की ‘मला बाई नाही जमायचे’ म्हणतात, आणि ध्वनिक्षेपक हातात दिला की तो गरम तव्यासारखा शेजारणीकडे ढकलतात! एकटीला कानकोंडे वाटते. दहाजणी बरोबर असल्या की त्याच कानकोंडेपणाची गंमत होते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. यंदाच्या वर्धापनदिनी आभाराचे भाषण जिने आजवर एकदाही सभेत तोंड उघडले नाही अशा भगिनीने करावे. कागदावर लिहून घेतले तरी चालेल. रमाबाईंचेही पहिले भाषण लिहून दिलेलेच होते. आवाज कापला तरी चालेल. आपण कोणी हसायचे नाही, आणि हसलोच तर पुढच्या वर्षीची पाळी हसणारीची. शिवाय वर्षभरात प्रत्येकीने न येणारी एक गोष्ट येणाऱ्या भगिनीकडून शिकावी आणि येणारी एक गोष्ट न येणारीला शिकवावी. याला पैसा लागत नाही, फक्त ‘मला येत नाही’ एवढे म्हणण्याचे धैर्य लागते.

इतिहास म्हणजे राजे आणि लढाया असे शाळेत शिकले होते. संध्याकाळच्या थंड पाण्याने आंघोळ करून पुन्हा पुस्तक उघडणारी मुलगी, हीही लढाईच होती. तिने ती आपल्यासाठी जिंकली आहे. आपण निदान उंबरठ्यापर्यंत तरी यावे.

मंडळाची अशीच भरभराट होवो, ही जगदंबेचरणी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवते.